लॅपटॉप बदलू नका, आधी वायर कुठे जाते ते पाहा

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच संदेश महिन्याभरात तीनदा आला, तीन वेगवेगळ्या माणसांकडून. 'लॅपटॉपचा आवाज थिएटरसारखा करा' हे त्याचं शीर्षक. त्यातले दावे थोडक्यात असे: सेटिंगमध्ये ५.१ निवडलं की आवाज सगळ्या बाजूंनी येऊ लागतो. फॉरमॅट १९२००० हर्ट्झवर नेला की आवाज चौपट स्वच्छ होतो. आवाज कमी पडला तर बूस्टर (आवाज वाढवणारं सॉफ्टवेअर) टाकून ३०० टक्के करा. केबल सोन्याचा मुलामा दिलेलीच हवी. गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचं साउंड कार्ड हलकं, ते बदला नाहीतर लॅपटॉपच बदला. आणि शेवटी, ब्लूटूथ असेल तर वायरीच नकोत.

मी हे मनावर घेतलं ते डोंबिवलीच्या मामींमुळे. दिवाळीनंतर त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मला हल्ली सिनेमातलं बोलणं ऐकूच येत नाही रे. गाणी येतात, भांडीकुंडी आपटलेली येतात, माणसं बोलतात तेवढं येत नाही. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे." मामांनी त्या संदेशाबरहुकूम सगळं केलं होतं. बाहेरून लावायचं यूएसबी साउंड कार्ड आणलं, त्याच्या हिरव्या सॉकेटमधून एक वायर काढून होम थिएटरच्या ऑक्सच्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायच्या, लाल-पांढऱ्या सॉकेटांत खोचली, आणि विंडोजमध्ये ५.१ निवडलं. मागच्या स्पीकरांतूनही आवाज येत होता, त्यामुळे काम फत्ते झालं अशी त्यांची खात्री होती.

मामींच्या कानांना काही झालं नव्हतं. ५.१ मध्ये सहा वेगळे आवाज, म्हणजे चॅनल, असतात: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, मागचे किंवा बाजूचे दोन, आणि जाड, घुमणारा आवाज काढणाऱ्या सबवूफरचा. सिनेमातले संवाद बहुतेक सगळे मधल्या चॅनलमध्ये ठेवलेले असतात. मामांच्या कार्डावर तीन सॉकेट होते. हिरव्यातून पुढचे दोन आवाज बाहेर पडतात, काळ्यातून मागचे दोन, नारिंगीतून मधला आणि सबचा. विंडोजला सहा स्पीकर असल्याचं सांगितल्यावर त्याने इमानदारीत संवाद नारिंगी सॉकेटकडे पाठवले, आणि तिथे वायरच नव्हती. यूट्यूबवरची गाणी दोनच चॅनलची, ती हिरव्यातून नीट येत होती. मागच्या स्पीकरांतून जो आवाज येत होता तो सेटने ऑक्सचेच दोन आवाज सगळीकडे वाटून दिल्यामुळे.

त्या सेटच्या पाठीमागे सहा सॉकेटांची एक रांग होती, पूर्वी डीव्हीडी प्लेअरसाठी द्यायचे तशी. एका टोकाला साधी साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना, अशा आणखी दोन वायरी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणल्या आणि तिन्ही सॉकेट त्या सहांना जोडले. मग साउंडच्या सेटिंगमध्ये प्लेबॅकखाली स्पीकर निवडून कॉन्फिगर दाबलं आणि टेस्ट लावली. चित्रातला एकेक स्पीकर उजळतो आणि त्याच स्पीकरमधून आवाज यायला हवा. इथे मधला उजळला आणि आवाज आला सबमधून, दबका, पोटातून आल्यासारखा. नारिंगीच्या वायरीच्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल केली आणि मधला स्पीकर बोलायला लागला. मामींनी डॉक्टरांची वेळ रद्द केली.

म्हणजे '५.१ निवडा' हा दावा सगळाच खोटा नाही, अर्धा आहे, आणि तो अर्धाच घरातल्या वयस्कर माणसांना स्वतःच्या कानांवर शंका घ्यायला लावतो, याचा मला राग आहे. सहा आवाज वेगवेगळे सेटपर्यंत पोचण्याची वाट असेल तरच ५.१ निवडायचं. वाट दोघांचीच असेल तर स्टिरिओच ठेवायचं. मग विंडोज किंवा प्लेअर मधला आवाज डाव्या-उजव्यात मिसळून देतो आणि संवाद हरवत नाहीत.

ही वाट कशी ओळखायची? लॅपटॉपवरचं हेडफोनचं भोक स्पीकरना दोनच आवाज देतं, डावा आणि उजवा. 'सेव्हन पॉइंट वन' छापलेले छोटे यूएसबी डोंगल मिळतात. त्यांना इअरफोनचं एकच भोक असेल तर बाहेर पडणारे आवाजही दोनच, बाकी आभास. लॅपटॉपवर डॉल्बी अ‍ॅटमॉसचं चिन्ह असतं तेही त्याच्या स्वतःच्या दोन स्पीकरांतून किंवा हेडफोनमधून आभास निर्माण करण्याविषयी असतं. खरा सेट जोडला की तो आभास बंद ठेवा, नाहीतर आवाज पोकळ येतो.

एचडीएमआय हा खरा राजरस्ता. २००२ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यातून आठ चॅनल न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, जाऊ शकतात. पण इथेही एक अडचण आहे आणि तिच्यापायी लोक लॅपटॉपला दोष देतात. केबल जोडल्यावर पलीकडचं यंत्र लॅपटॉपला स्वतःची कुवत कळवतं, आणि विंडोज तेवढेच पर्याय दाखवतं. लॅपटॉप टीव्हीला जोडला असेल तर उत्तर टीव्ही देतो. टीव्हीला स्पीकर दोन, म्हणून बऱ्याचदा तो 'मला दोनच चालतात' असं कळवतो आणि ५.१ चा पर्यायच दिसत नाही. लॅपटॉपमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. सेटला किंवा रिसिव्हरला (स्पीकर ज्याला जोडतात तो डबा) एचडीएमआय इन असेल तर लॅपटॉप आधी त्याला जोडा आणि तिथून टीव्हीला न्या. आता उत्तर रिसिव्हर देतो, आणि पर्याय दिसू लागतो.

टीव्हीतून पुढे ऑप्टिकल वायर नेणाऱ्यांसाठी: ती तोशिबाने १९८३ मध्ये सीडी प्लेअरसाठी काढली, म्हणजे दोन चॅनलच्या हिशेबाने. न दाबलेले सहा चॅनल तिच्यातून जात नाहीत. डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतींनी दाबलेले ५.१ मात्र जातात. त्यासाठी व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये पासथ्रू चालू करावं लागतं, म्हणजे लॅपटॉप ते पुडकं न उघडता पुढे देतो आणि सेट उघडतो. मधला टीव्हीही ते न उघडता पुढे देणारा हवा. आणि ओटीटी ब्राउझरमध्ये पाहत असाल तर तिथे अनेकदा दोनच चॅनल मिळतात. तीच मालिका टीव्हीतल्या अ‍ॅपमध्ये ५.१ मध्ये मिळत असेल तर लॅपटॉप मधे आणायचं कारणच उरत नाही.

आता १९२००० हर्ट्झ. विंडोजमध्ये त्या पर्यायापुढे 'स्टुडिओ क्वालिटी' लिहिलेलं असतं, त्यामुळे कुणालाही वाटेल की ते वरच्या दर्जाचं आहे. हा आकडा म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली. मापांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज पूर्णपणे परत उभा करता येतो. सीडीची ४४१०० मापं २२०५० हर्ट्झपर्यंत पोचतात, आणि तरण्याताठ्या माणसाचा कान २०००० च्या आसपास थांबतो. साठीनंतर तर त्याच्या बराच अलीकडे. सिनेमाचा आवाज ४८००० ला ध्वनिमुद्रित असतो. तो लॅपटॉपने १९२००० ला फुगवला म्हणून त्यात नवीन काही येत नाही, दुधात पाणी घालून दूध वाढत नाही तसंच. ४८००० ठेवा. बिट म्हणजे एकेक माप किती बारकाईने लिहिलं ते; ते १६ असले तरी सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मिळतं, आपल्या हॉलमधल्या पंख्याचा आणि रस्त्याचा आवाज त्यातलं कितीतरी आधीच गिळतो. २४ ठेवलेत तर बिघडत काही नाही.

बूस्टरबद्दल मात्र मी सरळ सांगतो, काढून टाका. डिजिटल आवाजाला वर छत असतं. ३०० टक्के म्हणजे प्रत्येक माप तिप्पट. जे माप छताच्या एक तृतीयांशाहून उंच होतं ते तिप्पट झाल्यावर छताबाहेर जातं आणि तिथे सपाट कापलं जातं. त्यालाच आपण आवाज फाटला म्हणतो. कापलेल्या लाटेत मुळात नसलेले तीक्ष्ण सूर तयार होतात, आणि मोठ्या आवाजात ते बराच वेळ चालू राहिले तर छोट्या स्पीकरची नाजूक कॉइल जळू शकते. आवाज वाढवायचं काम अँप्लिफायरचं आहे. लॅपटॉप आणि प्लेअर शंभर टक्क्यांवर ठेवा, पुढचं सेटच्या बटणावर. विंडोजमधली लाउडनेस इक्वलायझेशन ही वेगळी सोय आहे, ती कुजबुज वर आणते आणि धमाका खाली. रात्री शेजारी झोपलेले असताना ती मीही लावतो.

सोन्याच्या मुलाम्याचं तेवढं खरं आहे की सोनं गंजत नाही. अलिबाग-मालवणच्या खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात, तिथे मुलामा कामाचा. पण एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोचले तर आवाज जसाच्या तसा असतो, नाही पोचले तर तो तुटतो किंवा चित्रात ठिपके येतात. सोन्यामुळे संवाद गोड होत नाहीत.

गुणगुणीसाठी लॅपटॉप बदलणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते, कारण बहुतेक वेळा नवीन लॅपटॉपलाही तीच येते. खात्री करायला अर्धं मिनिट लागतं. लॅपटॉप सेटला जोडलेला असताना चार्जर उपटा. गुणगुण तत्क्षणी थांबली तर साउंड कार्ड निर्दोष आहे. लॅपटॉपचा चार्जर आणि सेट वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला पोचतात, त्या दोन वाटांत किंचित फरक असतो, आणि आवाजाची वायर दोघांना जोडून वेढा पुरा करते. त्या वेढ्यातून विजेचे ५० हर्ट्झ आणि त्याचे वरचे पट स्पीकरमध्ये उतरतात. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. डिश किंवा केबलची वायर सेट टॉप बॉक्समधून काढून पाहा, तीही स्वतःचं अर्थिंग घेऊन येते. एवढ्याने भागलं नाही तर वायरीच्या मधे बसवायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, काही शे रुपयांत. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज जातो पण वेढा तुटतो. ऑप्टिकल वायरीतून प्रकाशच जातो, त्यामुळे तिच्यातून वेढा तयारच होत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. काही जण चार्जरच्या प्लगची जाड, तिसरी पिन तोडायला सुचवतात. गुणगुण थांबतेही. पण ती पिन तुमच्या अंगात २३० व्होल्ट जाऊ नयेत म्हणून आहे. तिला हात लावू नका.

ब्लूटूथवर गाणी ऐकायला हरकत नाही. पण होम थिएटरला जाणारं नेहमीचं ब्लूटूथ डावा आणि उजवा एवढंच नेतं, तेही दाबून, आणि आवाज ओठांच्या मागे राहतो. ५.१ साठी वायर लागतेच.

मामांकडून निघताना आणखी एक केलं. पाचही स्पीकर टीव्हीच्या शोकेसमध्ये गणपतीच्या आजूबाजूला ओळीने मांडले होते. पुढचे दोन टीव्हीच्या दोन बाजूंना सरकवले. मागचे दोन सोफ्याच्या दोन्ही अंगांना, किंचित मागे, बसल्यावर कानाच्या जरा वर येतील असे टांगले. समोरच्या उघड्या फरशीवर मामींनी सतरंजी अंथरली. आणि नारिंगीच्या त्या वायरीवर चिकटपट्टी लावून त्यांनी पेनने लिहिलं, 'बोलणं. काढू नये.'