कुणाचा वीकएंड मोडू नये म्हणून

आमच्या अमेरिकेतल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघालाय: अमेरिकन फुटबॉल टीमचे कोच जो पॅटर्नो यांचा 2012 मध्ये हटवलेला पुतळा परत बसवा. माझा विरोध आहे, आणि तो का हे एकदा नीट लिहिते.

मी त्यांच्या नावाच्या लायब्ररीत बसून थिसिस लिहिलाय. फुटबॉल कोच लायब्ररीसाठी पदरचे पैसे देतो, पोरांनी डिग्री घेतलीच पाहिजे म्हणून हटून बसतो, याचं मला आजही अप्रूप आहे. 1966 ते 2011 ते हेड कोच होते. 409 विजय, दोन राष्ट्रीय विजेतेपदं. लाखावर माणसं मावणारं स्टेडियम त्यांच्यामुळे भरायचं.

आता 2001. त्यांचा जुना सहकारी जेरी सँडस्की टीमच्या शॉवरमध्ये एका लहान मुलाशी काय करत होता, हे एका तरुण सहायकाने शनिवारी सकाळी पॅटर्नोंच्या घरी येऊन सांगितलं. पॅटर्नोंनी ते वरिष्ठांच्या कानावर घातलं. पण लगेच नाही. शनिवार होता, लोकांचा वीकएंड मोडायचा नव्हता, असं त्यांनी स्वतः ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, सांगितलंय. हे वाक्य वाचून माझ्या पोटात खड्डा पडला होता. मला स्वतःला मुलगा आहे.

"कायद्याने करायचं ते त्यांनी केलं," असं मित्र म्हणतात. खरंय, त्यांच्यावर कधी गुन्हा दाखल झाला नाही. पण वरिष्ठ कोण होते हो? 2004 मध्ये हेच वरिष्ठ, खुद्द युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटसकट, त्यांच्या घरी गेले, आता निवृत्त व्हा म्हणाले, आणि पॅटर्नोंनी त्यांना सरळ नाही म्हणून परत पाठवलं. ज्याचा नकार प्रेसिडेंटलाही गिळावा लागतो, त्याने पोलिसांना एक फोन केला असता तर कोण अडवणार होतं? सँडस्की पुढे दहा वर्षं मोकळा फिरला. 2012 मध्ये त्याच्यावरचे मुलांच्या लैंगिक अत्याचाराचे 45 आरोप सिद्ध झाले. गरजू मुलांसाठी म्हणून काढलेल्या स्वतःच्याच संस्थेतून तो मुलं हेरायचा.

या प्रकरणाची शिक्षा म्हणून पॅटर्नोंच्या नावावरून काढून घेतलेले 111 विजय 2015 मध्ये परत मिळाले. मिळू देत, ते खेळाडूंनी घाम गाळून मिळवले होते. लायब्ररीवरचं नावही राहू दे. युनिव्हर्सिटीच्या क्रीमरीत, म्हणजे आइस्क्रीमच्या दुकानात, त्यांच्या नावाचं पीच आइस्क्रीम विकतात, तेही विकू देत. पुतळा मात्र हटवून ठेवलाय तिथेच राहू दे.