इंजेक्शन पखालीला

“अरे, आमचा कॉम्प्युटर चालू होत नाहीये.”

“म्हणजे नक्की काय होतंय, काका?”

“काही होतच नाहीये ना! म्हणून तर तुला फोन केला.”

डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणून गप्प बसलं, तर तो निदान जीभ तरी बघतो, पोट दाबतो. फोनवरून कॅबिनेटचं पोट दाबता येत नाही. त्यातून काका त्या अख्ख्या कॅबिनेटला ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर: आत मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिला जोडतात त्या मोठ्या पाटीवर, पंख्याखाली दडलेली काडेपेटीएवढी चकती. पण हा वाद मी केव्हाच सोडून दिलाय. पत्नीला ‘कुटुंब’ म्हणणाऱ्या पिढीने डब्याला सीपीयू म्हटलं, तर आश्चर्य कसलं?

मी सरळ प्रश्नांवर येतो. बटण दाबल्यावर पंखा हलतो का? हलून लगेच थांबतो का? फिरत राहतो, पण स्क्रीन काळीच? की स्क्रीनवर काही अक्षरं येऊन अडतात? हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि चौघांची औषधं वेगळी आहेत. पंखाच हलत नसेल तर संशय विजेवर, एसएमपीएसवर (घरची वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा आतला डबा) किंवा खुद्द बटणावर. हलून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा एखादी वायर लावायची राहिलीय. पंखे भिरभिरतात आणि स्क्रीन काळी, तर आधी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी. आणि अक्षरं येत असतील तर यंत्र चालू झालेलंच आहे, त्याचं फक्त पुढच्या कामावर मन नाही.

काका या प्रश्नांची उत्तरं शोधत असतात तेवढ्यात त्यांच्या घरातली तज्ज्ञ समिती निकाल देऊन मोकळी होते. “व्हायरस आला असेल.” “फॉरमॅट मारायला सांग त्याला.” आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हे. बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःला चाचपतो: प्रोसेसर आहे ना, मेमरी आहे ना, चित्र दाखवायची सोय आहे ना. ही हजेरी नीट झाली तरच तो डिस्ककडे वळतो आणि विंडोजला उठवतो. कंपनीचा लोगोसुद्धा दिसायच्या आधी स्क्रीन काळी असेल, तर विंडोजचा बिचारीचा त्यात काडीचाही संबंध नसतो. फॉरमॅट मारायचा तरी कसा? तो मारण्यासाठीसुद्धा यंत्र चालू व्हावं लागतं.

कॅबिनेट उघडायच्या आधी बाहेरची फेरी. इथे माझा नियम असा की ज्याला पैसे पडत नाहीत ते आधी. भिंतीवरचं बटण, स्पाइक गार्डचं बटण, यूपीएसचं बटण आणि कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर असलेलं ते चोरटं काळं बटण, ज्यावर एक रेघ आणि एक शून्य असतं. रेघ म्हणजे चालू. हे बटण दिवाळीच्या साफसफाईत फडक्याच्या एका फटकाऱ्याने बंद होतं आणि भाऊबीजेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मग स्पाइक गार्ड आणि यूपीएस दोन्ही वगळून वायर थेट भिंतीच्या थ्री-पिनमध्ये लावायची. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी दोनतीन वर्षांत मान टाकते. मग लाईट असतानाही तो कुरकुरतो आणि लोक ती शिटी कॉम्प्युटरची समजतात. “काका, शिटी नक्की कुठून येतेय?” या प्रश्नावर काका गुडघे टेकून टेबलाखाली कान लावतात, आणि काकू विचारतात, “आता काय दर्शन चाललंय का?”

टेबलाखाली गेलेच आहेत तर आणखी एक विचारून घेतो: कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर घराला अर्थिंग नाही, किंवा तिसरी पिन कुणीतरी कापून टाकलीय. एसएमपीएसच्या आत विजेचा गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर अर्थच्या तारेला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी क्षीण, म्हणून झटका बसत नाही, नुसत्या मुंग्या येतात. पण त्याच पत्र्याला यूएसबीची आणि मॉनिटरची केबल टेकते, आणि पोर्ट जळायला तेवढं निमित्त पुरतं. इथे कॉम्प्युटरवाल्याला नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मॉनिटरचंही एकदा विचारून घ्यावं. त्याचा दिवा लागलाय का? इनपुट एचडीएमआयवर आहे की कुणी व्हीजीएवर नेऊन ठेवलंय? वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाला हवी, मदरबोर्डच्या भोकाला नव्हे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यात चित्र काढायची सोयच नसते. तिथे मदरबोर्डला केबल लावून बसलात तर पुढच्या आषाढीपर्यंत काळा विठोबाच दिसेल.

एवढं होऊनही गाडी हलली नाही, की मी चप्पल घालतो.

कॅबिनेट उघडताना आधी वायर काढायची आणि मग चालू करायचं बटण पंधरावीस सेकंद दाबून धरायचं, म्हणजे साठलेली वीज निघून जाते. एवढ्यावरही कधीकधी यंत्र बरं होतं, आणि मग उपस्थितांना माझ्या हाताला गुण असल्याचा साक्षात्कार होतो. तो मी नाकारत नाही. पेनड्राइव्ह, प्रिंटर, कीबोर्ड, सगळं उपटायचं. यूएसबी पोर्टात वाकलेली एक पिन अख्खं यंत्र रोखून धरू शकते. मग पत्रा काढायचा. आत धुळीची गोधडी असते, आणि एसएमपीएसच्या जाळीजवळ कधी झुरळ, कधी वाळलेली पाल. धूळ उडवायला ब्लोअर चालेल, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला की बेअरिंग जातं, आणि वर तो उलट वीज तयार करून बोर्डात पाठवतो. ओलं फडकं घेऊन मदतीला आलेल्या व्यक्तीला मात्र प्रेमाने चहा करायला पाठवावं.

आता रॅम. काळ्या स्क्रीनच्या खटल्यात पहिला आरोपी हीच, आणि पावसाळ्यात तर बहुतेकदा गुन्हेगारही. दमट हवेने तिच्या सोनेरी पट्ट्यांवर दिसेल न दिसेल असा थर बसतो आणि संपर्क तुटतो. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढायची. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर उत्तम. नसेल तर शाळकरी पोराच्या कंपासातला मऊ पांढरा खोडरबर. पेनाची शाई खोडणारा निळा, खरखरीत भाग वापरू नका, तो शाईबरोबर सोन्याचा मुलामाही खोडतो. हलक्या हाताने एकाच दिशेने चारपाच वेळा, आणि खोडरबराचा चुरा स्लॉटपासून लांब झटकायचा. परत बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबायचं. ‘टक्’ आवाज आला पाहिजे. दबकत दबकत बसवलेली रॅम बसलेली नसते. लोक मदरबोर्ड तुटेल म्हणून घाबरतात आणि अर्धवट सोडतात.

पट्ट्या दोन असतील तर एकच लावून बघायची, मग दुसरी. चार स्लॉटच्या बोर्डवर एकटी पट्टी सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटात बसते. पहिल्यात लावून ‘रॅम गेली’ म्हणून शोक करणारे बरेच आहेत.

आणि एका वेळी एकच बदल. या नियमासाठी मी घरातल्यांशी भांडतो. उत्साही मेहुणा एका दमात रॅम काढतो, बॅटरी काढतो, केबल बदलतो, आणि यंत्र सुरू झालं तर नेमकं कशाने, ते देवालाही सांगता येत नाही. महिन्याने तेच दुखणं परत येतं. आणि मेहुणा नेमका गावाला गेलेला असतो.

बोर्ड स्वतःही काही सांगत असतो. नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (म्हणजे डिस्प्ले), बूट (म्हणजे डिस्कवरून विंडोज उठवणं) असे चार बारीक दिवे असतात. ज्याच्यापाशी दिवा अडून राहिला, तिथे पाणी मुरतंय. जुन्या बोर्डांना वाचा होती, शिट्यांची. बोलणारा असतो बायॉस, म्हणजे ती सुरुवातीची हजेरी घेणारा बोर्डातलाच प्रोग्राम. अवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले, थांबून थांबून लांब शिट्या येत राहिल्या म्हणजे मेमरी. प्रत्येक बायॉस कंपनीची बोली वेगळी, कोल्हापूरचं वऱ्हाडात चालत नाही, तेव्हा बोर्डाचं पुस्तक बघावं. हल्लीच्या कॅबिनेटांत ती शिटी वाजवणारा स्पीकरच नसतो. चार पिनांत खोचायचा तो मण्याएवढा स्पीकर मी खिशात घेऊन फिरतो. आजारी माणूस बोलायला लागला की अर्धं काम होतं.

पंखाच हलत नसेल तर रॅम पुसून उपयोग नाही. आधी समोरचं बटण निर्दोष ठरवायचं. बोर्डाच्या कोपऱ्यात ‘पॉवर स्विच’ लिहिलेल्या दोन पिनांवरची वायर काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडायच्या. पंखा फिरला तर कॉम्प्युटर ठणठणीत आहे, बटण मेलंय. रीसेटची वायर तिथे खोचा आणि रीसेटच्या बटणाने आयुष्य काढा, काही बिघडत नाही. याची उलटी तऱ्हाही असते: यंत्र चालू होतं आणि बरोबर चारेक सेकंदांत बंद पडतं. ते बटण दाबलेल्या अवस्थेत अडकल्याचं लक्षण. बटण धरून ठेवलं की चार सेकंदांनी वीज तोडायची, असा नियमच आहे. आज्ञाधारक यंत्राला आपण बिघडलेलं म्हणतो.

मग एसएमपीएस. तो मदरबोर्डला २४ पिनांच्या रुंद प्लगने जोडलेला असतो. तो प्लग जागेवर असतानाच मल्टिमीटरने जांभळी आणि काळी तार तपासा. यंत्र बंद असलं तरी तिथे ५ व्होल्ट हवेत. तेही नसतील तर एसएमपीएसला पाणी पाजून उपयोग नाही. असतील तर वीज बंद करून प्लग बोर्डातून काढायचा, हिरव्या तारेचं भोक आणि शेजारच्या काळ्याचं भोक यांत वाकवलेली पेपरक्लिप घालायची, आणि मग भिंतीचं बटण चालू. पंखा फिरला म्हणजे जीव आहे. पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळाले पाहिजेत. सगळ्याच तारा काळ्या असतील तर पिनांचा नकाशा बघितल्याशिवाय क्लिप घालू नका.

ही परीक्षा तोंडी आहे, लेखी नाही. बिनओझ्याचे १२ व्होल्ट दाखवणारा एसएमपीएस प्रोसेसरचं ओझं पडताच बसकण मारू शकतो. खात्री हवी तर शेजाऱ्यांचा चांगला एसएमपीएस तासभर मागून आणा. पण त्याचा डबा उघडून ‘आतला फ्यूज बघू जरा’ हे धाडस करू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठते, आणि वायर काढल्यावरही ती काही काळ तिथेच दबा धरून बसते.

पंखा दचकून थांबणाऱ्या यंत्रात मी तीन गोष्टी बघतो. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा प्लग लावलाय का. नव्याने जोडलेल्या यंत्रात तो हमखास विसरतात. बोर्डामागे एखादा स्क्रू घरंगळलाय का, किंवा बोर्डाच्या स्क्रूसाठी पत्र्यावर असते ती पितळी खुंटी, जिथे बोर्डाला भोक नाही तिथे खालून टेकतेय का. आणि कपॅसिटरांची डोकी. डोक्यावर फुली किंवा ‘के’सारखी खाच असते. ती सपाट हवी, भाकरीसारखी फुगलेली नको. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइट भरलेले कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर असेच फुगून फुटले होते. दोनपाच मिनिटं चालून बंद पडणाऱ्याचं दुखणं निराळं, तिथे प्रोसेसरवरचा कूलर सैल असतो. चारपैकी एक प्लास्टिकची खुंटी सुटलेली सापडते. तो काढलात तर प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी पेस्ट पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावायची. श्रीखंड थापल्यासारखी नाही.

काहीच हाती लागलं नाही तर बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. बोर्ड, प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस आणि तो मण्याएवढा स्पीकर, बस्स. यावर शिटी वाजली तर चोर काढून ठेवलेल्या सामानात आहे, एकेक करत परत लावा. प्रोसेसर सगळ्यात शेवटी संशयात घ्यावा, तो क्वचित मरतो. ‘मदरबोर्ड गेला’ हे दुकानातलं आवडतं वाक्य मी या पायरीआधी कुणाचंही ऐकून घेत नाही.

शेवटचा उपाय म्हणजे बायॉसची स्मृती पुसणं: वायर काढून रुपयाच्या नाण्यासारखा सीआर २०३२ सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवायचा. तो ३ व्होल्टचा असतो. २.७ च्या खाली गेला असेल तर नवाच घाला. यानंतर डीडीआर ५ रॅमचं यंत्र काळ्या स्क्रीनवर काही मिनिटं नुसतं बसून राहतं, कारण ते रॅमशी नव्याने जुळवून घेत असतं. त्या वेळात घाबरून बटण दाबलंत की सगळं पहिल्यापासून.

काकांकडे हे सगळं करून, पंखा फिरताना आणि स्क्रीन उजळताना डोळ्यांनी बघून, काकूंचा दुसरा चहा पिऊन मी घरी पोचतो. चप्पल काढतो तोच फोन.

“अरे, परत चालू होत नाहीये.”

“स्क्रीनवर काही आहे का, काका?”

“आहे ना. इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. तारीख-वेळ चुकलीय म्हणे. आणि खाली लिहिलंय, एफ वन दाबा.”

“मग दाबलंत का?”

“नाही. म्हटलं, आधी तुला विचारावं.”