स्कूबासाठी दूरचा समुद्र कसा निवडावा

स्कूबा डायव्हिंगसाठी ठिकाण निवडताना पाळायचा पहिला नियम असा, की जिथे एसटीने जाता येते ते ठिकाण विचारातही घेऊ नये. मालवण, तारकर्ली आणि देवबाग ही तिन्ही नावे या एकाच निकषावर बाद होतात. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी उभारलेल्या सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि त्यांच्यामधून काळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने फिरतात, हे खरे असले तरी तिथून परतलेल्या माणसाला शेजारी एवढेच विचारतात, की सोलकढी कुठे प्यायलात?

शिवाय मालवणातली डुबकी ही प्रतिष्ठित माणसाने सोसावी अशी गोष्ट नाही. पाठीवरची टाकी मागून एका पोराने घट्ट धरलेली असते, आपण हातपाय झाडलेले त्याला मुळीच खपत नाहीत, दुसरा पोरगा पावाचा चुरा सोडून मासे गोळा करतो आणि आपल्याला बोटांची खूण करायला लावून व्हिडिओ काढतो. पाव हे माशांचे अन्न नव्हे, हे त्या दोघांनाही ठाऊक असते. पण व्हिडिओत मासे नसले तर गिऱ्हाईक पैसे देताना कुरकुरते. वर आल्यावर ध्यानात येते, की आपण उतरलो ती खोली घरच्या विहिरीहून फारशी जास्त नव्हती.

तेव्हा दूर जावे, आणि जायचेच तर आइसलंडमधल्या सिल्फ्रा भेगेपर्यंत जावे. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकताना पडलेली ही भेग हिमनदीच्या, लाव्हा खडकातून झिरपून आलेल्या पाण्याने भरलेली आहे. पाण्याचे तापमान २ ते ४ अंश सेल्सिअस असते आणि शंभर मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते. आता इतक्या लांबवर पाहण्यासारखे तिथे काय असते, असा प्रश्न कोकणी मनात येणारच. दगड असतात. मासा सहसा दृष्टीस पडत नाही. जन्मभर समुद्राकाठी राहिलेल्या माणसाने लाखभर रुपये मोजून मासे नसलेले पाणी शोधून काढावे, यात जी रसिकता आहे ती तारकर्लीच्या गर्दीला कळायची नाही.

थंडी सोसवत नसेल त्यांनी बेलिझचे ग्रेट ब्लू होल पाहावे. हे विवर १२० मीटरहून खोल आहे आणि हौशी पाणबुड्यांची मर्यादा ४० मीटरची, त्यामुळे पैसे पूर्ण विवराचे देऊन वरचा तिसरा हिस्सा पाहता येतो. मालदीवचा हनिफारू उपसागरही उत्तम. तिथे मांटा रे, म्हणजे पंखांसारखे पर हलवत पोहणारे चपटे मोठे मासे, जमतात ते साधारण आपल्या पावसाळ्यात, म्हणजे मालवणात होड्या वर काढून झावळ्यांखाली झाकलेल्या असतात तेव्हा. अडचण इतकीच, की तिथे स्कूबाला बंदी असून केवळ स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याच्या वरच तरंगत पाहणे, चालते. परंतु ही माहिती तिकीट काढल्यावरच मिळवावी, म्हणजे उत्साह टिकतो. ऑस्ट्रेलियाचे ग्रेट बॅरिअर रीफ मात्र लवकर उरकावे. २०१६ पासून २०२४ पर्यंत तेथील प्रवाळ तापलेल्या पाण्याने पाच वेळा मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, आणि ते संपण्याआधी विमानाने जाऊन पाहून येणे हे आपले कर्तव्यच आहे.

याउलट विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा प्रवाळांचा बुडालेला पठारी प्रदेश आहे, हे कोणाला सांगू नये. तसेच मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हेही विसरावे. अभयारण्य म्हटले, की वाघ नाहीत म्हणून हळहळण्याची आपली रीत आहे.

प्रशिक्षणाची चिंता नको. प्राथमिक प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतच उतरू देते, त्यासाठी तीन-चार दिवस खर्चावे लागतात आणि दर दहा मीटरला दाब एका वातावरणाच्या दाबाइतका वाढतो, कान वेळोवेळी मोकळे करायचे, वर येताना श्वास रोखायचा नाही, असली कंटाळवाणी बडबड ऐकावी लागते. तारकर्लीलाच हे शिकवणारी सरकारी संस्था आहे, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवणे कठीण. अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, हा संकेतही पॅकेजच्या वेळापत्रकात बसत नसल्यास सोडून द्यावा. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन विमानात बुडबुडे धरतो म्हणे, पण त्याला आपल्या परतीच्या तिकिटाशी काय देणेघेणे?

परतल्यावर फोटो मोठ्या पडद्यावर दाखवावेत, पण त्या वेळी मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचे काका घरात नाहीत ना, हे आधी पाहावे. निळ्याशार पाण्यातली तुमची छबी पाहून ते एकच प्रश्न करतील, "थंय बांगडो गावता काय?" सिल्फ्राच्या बाबतीत खरे उत्तर दिलेत, तर गेलात कशाला हेही सांगत बसावे लागेल, म्हणून विषय लगेच विमानातल्या जेवणाकडे वळवावा.