क्रियापद कुठे तोडावं?

शाळेत यमाताराजभानसलगा घोकून अख्खं शार्दूलविक्रीडित फोडलेल्या माणसाला इटालियन क्रियापदाची अक्षरं पाडणं जड का जावं? पण जातं. तोरिनोच्या संध्याकाळच्या भाषावर्गात तर रोज जातं.

'आस्कोल्तारे' म्हणजे ऐकणे. मराठी तोंड म्हणतं आस-कोल-ता-रे. बाई म्हणतात, छे, आ-स्कोल-ता-रे! इटालियन 'स'ला पुढच्या व्यंजनाशिवाय करमत नाही. ओळ संपल्यावर शब्द तोडला की तोही त्याच्याबरोबर खाली उतरतो. देवनागरी बिचारी असंच लिहिते, पा-स्ता. म्हणून वहीच्या समासात सगळं देवनागरीत उतरवून घ्यावं, तर पुढे 'मेत्तेरे' उभं, म्हणजे ठेवणे. आपण लिहिणार मे-त्ते-रे, ते तोडणार मेत-ते-रे. एक 'त' वर, एक खाली. लिपीसुद्धा फितूर!

तरी हे कात्रीचं काम झालं. खरा छळ आघाताचा. मराठीत कुठल्याही अक्षरावर जोर द्या, मेथीची जुडी मिळतेच. इथे 'पार्लो'मधल्या 'पार'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'लो'वर दिला तर 'तो बोलला'. त्या 'लो'च्या डोक्यावर निदान तिरकी रेघ तरी काढतात. बाकीच्यांना तीही नाही. 'तेलेफोनारे'त, म्हणजे फोन करणे, जोर 'ना'वर. 'ते फोन करतात' म्हणायचं झालं की ते-ले-फो-ना-नो, आणि जोर थेट 'ले'वर! शेवटून चौथ्या अक्षरावर. तिथे चढावं आणि उरलेली तीन एका दमात उतरावीत. माझा दम 'फो'लाच संपतो.

आज्ञार्थात सर्वनामंही लोकलच्या दाराला लटकल्यासारखी मागे लोंबकळतात. 'ते मला बनवून दे' म्हणजे फाब-ब्रि-का-मे-लो. जोर पहिल्याच अक्षरावर, मागे चार जण.

यावर उतारा व्याकरणातच आहे. समोरच्याला अहो-जाहो केलं की सर्वनामं मागची जागा सोडून क्रियापदाच्या पुढे सुटी उभी राहतात: 'मे लो फाब्ब्रिकी'. जोर तिथेच, 'फाब'वर, पण मागे दोनच अक्षरं. एवढं झेपतं. त्यामुळे हल्ली मी सरसकट सगळ्यांनाच अहो म्हणतो. वरच्या मजल्यावरच्या पहिलीतल्या मुलालाही परवा म्हटलं, अहो, तो चेंडू जरा मला द्या. तो चेंडू टाकून आईला बोलवायला गेला.