रीफर माल गार करत नाही, गार ठेवतो

रीफर ट्रकमध्ये (म्हणजे थंड माल नेणाऱ्या, गारव्याचं यंत्र बसवलेल्या ट्रकमध्ये) तापमान सेट केलं की ड्रायव्हरने फक्त गाडी हाकायची, असं वाक्य एका लेखात वाचलं आणि मनाला लागलं, कारण काम तेवढंच नसतं. रीफर युनिट, म्हणजे ते यंत्र, गरम माल गार करायला नसतंच, आधीच गार असलेला माल तसाच राखायला असतं. म्हणून भरण्याआधी रिकामा डबा गार करून घ्यायचा, माल चढताना खोक्यांत थर्मामीटर खुपसून बघायचा. उणे 18 हवं तिथे उणे 10 दिसलं तर तिथेच अडून बसायचं, माल ताब्यात घेतल्याची सही एकदा केली की निस्तरायचं आपल्यालाच. रात्री झोपेतही कान युनिटकडे. घरघर थांबली आणि परत सुरू झाली नाही, की उठून आधी त्याचं डिझेल बघायचं (त्याची टाकी वेगळी असते, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं).