शांघायला जागा घेताय? मग हे वाचाच

समजा तुम्ही १८४५ सालचे गोरे साहेब आहात, चहा-रेशमाचा धंदा आहे (आणि अफूचा, पण ते चारचौघात बोलायचं नाही), आणि ह्वांगपू नदीच्या काठचा तो चिखल तुमच्या नजरेत भरलाय. तर पहिली गोष्ट, घाईघाईत गावात भाड्याने राहू नका. तुमचा कॉन्सल, म्हणजे ब्रिटिश सरकारचा तिथला प्रतिनिधी, कॅप्टन बॅलफोर १८४३ ला आला तेव्हा याओ नावाच्या व्यापाऱ्याने त्याला चांगला ५२ खोल्यांचा वाडा दिला, साहेब खूश, आणि मग कळलं की लोक सारखे येऊन आपल्याला बघतात ते काही उगाच नाही. साहेब जेवतो कसा, झोपतो कसा हे बघायला मालकाने तिकीट लावलं होतं! मला विचाराल तर त्या सगळ्या काळात परदेशी भाडेकरूकडून खरा नफा काढला तो या एकट्या माणसाने.

तर काठावरची जागाच बघा. फक्त 'विकत घेतली' असं चुकूनही म्हणू नका, जमीन सगळी बादशहाची, ती परक्याला विकतात होय? तुम्ही ती भाड्याने घेताय. कायमची. मालकाला एकदा डिपॉझिट मोजायचं, मग मू-मागे वर्षाला १५०० काशे सरकारला, काशे म्हणजे ती मधे चौकोनी भोक असलेली तांब्याची नाणी, आणि एक मू म्हणजे साधारण साडेसहा गुंठे. थोडक्यात पागडी. २९ नोव्हेंबर १८४५ ला तिथल्या ताओताईने, म्हणजे कलेक्टरच समजा, जे नियम काढले त्यात तर अशी गंमत आहे की तुम्हाला जागा नकोशी झाली तर डिपॉझिट परत मागा, पण मालकाला भाडं वाढवता येणार नाही आणि तुम्हाला काढताही येणार नाही. भटाला दिली ओसरी, आणि वर ताओताईच्या शिक्क्याचा कागद, तोही तीन प्रतींत!

अडचणी किरकोळ आहेत. जागेत मालकाच्या पूर्वजांची थडगी निघतील, तिथे ठरलेल्या दिवशी त्याच्या घरचे येतील, येऊ द्या, पानं फुलं वाहतील, रडतील, जातील. नदीकाठी नावा ओढणाऱ्यांची जुनी वहिवाट आहे, तीही नियमाने सोडावी लागते. सोडा, पुढे तोच शांघायचा 'बंड', म्हणजे नदीकाठचा प्रसिद्ध रस्ता, होणार आहे, आणि हा शब्द तुम्ही आमच्याकडूनच उचललाय, पुण्याच्या बंड गार्डनमधला तोच तो.

खरी लॉटरी मात्र १८५३ ला. चिनी माणसांना तुमच्या हद्दीत घरं भाड्याने द्यायची नाहीत हा नियम होता ना, तो त्या वर्षी बंडखोरांनी जुनं शहर घेतलं आणि २० हजारांवर माणसं जीव घेऊन तुमच्याकडे पळत आली त्या क्षणी विसरायचा. तत्त्वं वगैरे नंतर. लाकडी चाळी ठोका, ओळीने, खोल्या भाड्याने द्या, म्हणजे ज्यांच्या देशात तुम्ही भाडेकरू त्यांचेच घरमालक. वर्षभरात अशी ८०० घरं उभी राहिली. आणि हातात बांधायला पैसे नसतील तर नुसतं नाव वापरायला द्या. साहेबाच्या नावावर असलेल्या जमिनीला कोणी हात लावत नाही म्हणून चिनी मालक आपलीच जमीन तुमच्या नावावर चढवतात आणि वर तुम्हाला फी देतात, बेनामी आम्हालाही माहीत आहे पण ही फी घेऊन बेनामी म्हणजे कळसच.

आपल्या मुंबईचा सिलास हार्डून हे नीट शिकला. बगदादचा जन्म, वाढला मुंबईत, ससूनच्या पेढीवर नोकरीला लागून शांघायला गेला आणि १९३१ ला वारला तेव्हा नानकिंग रोड या तिथल्या मुख्य बाजाररस्त्यावरचा सगळ्यात मोठा जमीनदार होता.

शहराचं काय होईल, गर्दी, रोगराई, आग, याचा विचार तुम्ही करू नका. ऑल्कॉक नावाच्या कॉन्सलने हे विचारलं तेव्हा एका व्यापाऱ्याने सरळ सांगितलं, की मला दोन-तीन वर्षांत पैसा करून निघायचंय, मग शांघाय जळो नाहीतर बुडो. फक्त निघेपर्यंत ते १५०० काशे वेळेवर भरत जा बरं, आणि पावती जपून ठेवा.