राक्षस की रक्तदाब?

परवा आईची औषधांची चिठ्ठी मोठ्यानं वाचत होतो, तर भाचा आतून ओरडला, "मामा, हा टेल्मिसार्टन कितव्या भागात मरतो?" त्याच्या हातात सहाशे पानांची, ड्रॅगनवाली कादंबरी. तुमच्या घरीही हा घोळ होत असेल, तर हा अनुभवी सल्ला घ्या.

आधी नावाचं शेपूट बघा. 'सार्टन' म्हणजे रक्तदाब, 'स्टॅटिन' म्हणजे कोलेस्टेरॉल, 'प्राझोल' म्हणजे पित्त, 'ग्लिप्टिन' म्हणजे साखर. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन हे एकाच घराण्यातले. गादीसाठी भांडत नाहीत, एवढाच कादंबरीशी फरक.

उच्चार जमत नसेल तर राक्षस. उच्चार जमत नाही आणि वर उपाशीपोटी घ्यायचंय, तर औषध.

नावाच्या शेवटी 'मॅब' दिसलं, तर किंमत विचारण्याआधी बसून घ्या.

स्ट्रिपवरचं नाव वाचा. म्हणजे चंदेरी कागदावर मुंगीच्या पावलांचे ठसे दिसतात ते. चारच गोळ्या मागितल्यात, तर मेडिकलवाला अशी कात्री चालवतो की तुमच्या वाट्याला नुसतं 'झिन' येतं आणि एक्स्पायरी दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या घरी जाते. आता 'झिन' कोण? सिनारिझिन की सेटिरिझिन? ऐकायला जुळ्या पऱ्या. पण एक चक्करेवरची, दुसरी शिंका-खाजेवरची. आईला पहिली लिहून दिली होती, मिळाली दुसरी. तीन दिवस बाई दिवसभर पेंगत होती आणि उठली की भिंत धरत होती. डॉक्टर म्हणाले, मी बरोबरच लिहिलंय. मेडिकलवाला म्हणाला, मी लिहिलंय तेच दिलंय. चिठ्ठी बघितली, तर त्या वेलांटीत दोन्ही पऱ्या मावत होत्या, शिवाय एखादा वेताळही!

इंग्लंडात अमॉक्सिलच्या जागी डाओनिल दिलं गेलं होतं. अँटिबायोटिकऐवजी साखर उतरवणारी गोळी, तीही मधुमेह नसलेल्या माणसाला. त्याच्या मेंदूला इजा झाली. १९८९च्या निकालात पाऊण दोष औषध देणाऱ्याचा ठरला आणि पाव दोष डॉक्टरच्या अक्षराचा. अक्षराचा! आपल्याकडेही २०१६ पासून नियम आहे: औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत. त्या 'शक्यतो'वर आमच्या डॉक्टरांचा फार जीव.

अहो, सही झोकात करा, कोण नको म्हणतंय? औषधाचं नाव तरी नीट लिहा. आणि दुकानदारदादा, वाचता येत नसेल तर चिठ्ठीवर फोन नंबर असतो, तो फिरवा. अंदाज कसले बांधता, मटका आहे का? आणि "सेमच आहे, फक्त कंपनी वेगळी" एवढं ऐकून पिशवी उचलणारे तुम्ही, तुम्हाला काय बोलू? त्या दिवशी काउंटरवर मीच उभा होतो. गोळ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. फोनवरून पैसे गेले का, ते बघत होतो.